टूरिंग कारला डेल्रिनच्या पुल्या: गोव्यातल्या एका हंगामानंतर

१/१० मापाच्या रिमोट कंट्रोल बेल्ट ड्राइव्ह कारमध्ये मोटरचा जोर दातेरी बेल्टने पुढच्या-मागच्या चाकांना जातो. तिच्या मधल्या शाफ्टवरच्या २० दात्यांच्या ॲल्युमिनियम पुल्या (बेल्ट फिरवणारी दातेरी चाकं) काढून डेल्रिनच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, बसवल्या. पाऊस संपल्यापासून मेपर्यंत त्याच चालल्या. आतमध्ये कार्पेटवर गाडी पळवणाऱ्यांनी ॲल्युमिनियमच ठेवावं; इथल्या उघड्या पार्किंगच्या डांबरावर मात्र डेल्रिन.

कारण चिऱ्याची लाल धूळ. ती बेल्टच्या दात्यांच्या मुळाशी जाऊन बसते आणि पॉलिश पेपरसारखी घासते. ॲल्युमिनियमवरचं ॲनोडायझिंग आधी दात्याच्या कडेवरून जातं, मग उघडा पडलेला धातू धारदार होऊन बेल्ट खातो. चॅसिसवर काळी पूड साचत असेल तर नुसता बेल्ट बदलून उपयोग नाही, तोही तसाच जाईल. डेल्रिन स्वतः झिजते, पण बेल्ट वाचवते. स्वस्त नायलॉनच्या पुल्या घेऊ नका, आपल्या दमट हवेत नायलॉन पाणी धरतं आणि माप बदलतं.

काढण्याआधी बेल्टचा ताण ठरवणारे दोन्ही बाजूंचे टेन्शन कॅम कुठल्या खाचेत आहेत तिथे मार्करने खूण करा. डावा-उजवा एका खाचेने जरी चुकला तरी शाफ्ट तिरका होतो, बेल्ट पुलीच्या काठाला घासतो आणि कडेचे धागे सुटतात. पुली ज्या पिनवर बसते ती काढून नखाने चाचपा. खाच लागली तर पिनही नवी टाका, नाहीतर पुलीचं घर रुंदावतं.

टेन्शन तपासायला पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) स्परपासून (मधल्या शाफ्टवरचं मोठं गिअर) मागे घ्या, चाकं काढा, स्पर बोटाने फिरवा. सोडल्यावर थोडा स्वतःहून फिरला पाहिजे. लगेच थांबत असेल तर बेल्ट घट्ट आहे: मोटर तापते, बेअरिंग लवकर जातात. ब्रेक मारताना ‘टर्रर्र’ आवाज आला तर बेल्ट दाते उडवतोय. हा बहुतेक वेळा पुढचा लांब बेल्ट असतो, कारण ब्रेकला वजन पुढे येतं. तो कॅमवर एकच खाच घट्ट करा, मागच्याला हात लावू नका. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो, पहिल्या काही बॅटऱ्यांनंतर परत तपासा.

डिफच्या (चाकांमधल्या डिफरेन्शियलच्या) पुल्या ३८ वरून ४० दात्यांच्या करणार असाल तर पुढच्या-मागच्या दोन्ही करा. आतला रेशो १.९ चा २.० होतो. ९६ स्पर, ४० पिनियनला एकूण रेशो ४.५६ चा ४.८ होईल, जुन्याच्या जवळ यायला ४२ पिनियन (४.५७). बेल्टही साधारण एका दात्याने लांब लागतो, ३ मिमी पिचचा. कॅमवर सगळं भागवायला गेलात तर पुढे जुळवायला जागाच उरत नाही.

तक्रार एकच: १७.५ टर्नच्या सौम्य मोटरला काही जाणवत नाही, पण जास्त ताकदीच्या मॉडिफाइड मोटरच्या जोरदार ब्रेकला डेल्रिनचे दाते लवकर गोल होतात.

बेल्टला तेल किंवा गंजरोधक स्प्रे अजिबात नको, धूळ चिकटते; कोरड्या टूथब्रशने झाडा. मधल्या शाफ्टची ५×१०×४ बेअरिंग रबर सीलची घ्या. धातूच्या शील्डची किनाऱ्यालगत एका पावसाळ्यात गंजून खरखरायला लागतात.