दादरचा इंग्लिश क्लास, दहावी मराठी माध्यम: आठ महिन्यांचा अनुभव

मुलगी परळच्या मराठी शाळेत, दहावीला. नववीत इंग्लिशमध्ये कशीबशी पास झाली म्हणून मे महिन्यात दादर वेस्टला स्टेशनजवळच्या एका छोट्या क्लासला घातलं, महिना १८०० रुपये. क्लासचं नाव लिहीत नाही कारण शेवटी एक तक्रारपण आहे.

पहिला महिना मी नुसती वैतागले होते. नोट्स नाहीत, निबंध पाठ करून घेणं नाही, टीचर वही तपासतात पण चूक सांगतच नाहीत, ओळीच्या बाजूला पेन्सिलने एक टिंब काढतात आणि म्हणतात शोध. मी जाऊन विचारलं, मॅडम फी आम्ही भरायची आणि चुका पोरीने शोधायच्या? तर म्हणाल्या, "अहो ताई, बोर्डाच्या पेपरला तीन तास मी तिच्या शेजारी बसणारे का?" मला काही बोलता आलं नाही.

मग चुकांची वही सुरू झाली. काय चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करणार, असे तीन रकाने. जुलैमध्ये पोरीने स्वतः मोजलं तर सगळ्यात जास्त चुका अ, ॲन, द च्या, आणि बरोबरच आहे ना, मराठीत असलं काही नसतंच. 'ही टोल्ड मी' ऐवजी 'ही सेड मी' पण सात वेळा, कारण डोक्यात 'त्याने मला सांगितलं' असतं. आता निबंध लिहून झाला की आधी ह्याच दोन गोष्टी शोधत एकदा वाचते, मग वही मिटते. मला आवडलेली अजून एक गोष्ट, उतारा सोडवायच्या आधी किती मार्क पडतील ते कोपऱ्यात लिहायचं. सुरुवातीला दहापैकी आठ लिहायची आणि मिळायचे चार, आता जेमतेम एका मार्काचा फरक पडतो. म्हणजे आपल्याला काय येत नाही हे तिला पेपरच्या आधीच कळायला लागलंय.

पालकसभेत टीचरनी सांगितलं की अमेरिकेत झिमरमन आणि मार्टिनेझ-पॉन्स ह्या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये दहावीच्याच ८० मुलांना अभ्यास कसा करता ते विचारलं होतं, अर्धी अभ्यासात वरच्या गटातली आणि अर्धी खालच्या, तर वरच्या गटातली मुलं आधी ठरवणं, नोंद ठेवणं, अडलं की कुणालातरी विचारणं हे कितीतरी जास्त करत होती. मला तर हे ऐकून धीर आला, ह्यातलं सगळं शिकवता येण्यासारखं आहे.

खरी परीक्षा गणपतीत झाली. आम्ही लालबागला राहतो, दहा दिवस ढोल, स्पीकर, रांगा, पाहुणे, वेळापत्रक दुसऱ्याच दिवशी कोलमडलं आणि ही रडायला लागली. टीचरनी फोनवर एवढंच विचारलं, मग आता काय बदलशील? तिने रोजच्या पाच कृतींच्या दोन केल्या आणि वेळ पहाटे साडेपाचची ठेवली, आम्ही कुणी उठवलं नाही. विसर्जनाचा दिवस सोडला तर एकही दिवस चुकला नाही.

आता तक्रार. दिवाळीनंतर बॅच १४ वरून ३० झाली आणि तपासायला नवीन असिस्टंट आल्या, त्या लाल पेनने सरळ बरोबर उत्तर लिहून मोकळ्या होतात. पोरं ते बघून तिन्ही रकाने भरून टाकतात, डोकं चालवायचा प्रश्नच येत नाही. मी दोनदा बोलले, जानेवारीत बॅच तोडू म्हणाल्यात. शिवाय ज्यांचं वाचनच कच्चं आहे त्यांना नुसतं 'शोध' म्हणून चालत नाही, लेकीची मैत्रीण दोन महिन्यांत क्लास सोडून गेली, तिला आधी कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं होतं, आणि ते झालं नाही ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

तरी मी पोरीला काढणार नाही. असा कुठलाही क्लास बघायला गेलात तर फी विचारायच्या आधी तिथल्या एखाद्या मुलाची वही मागून बघा, पेन्सिलची टिंबं आहेत की लाल शाईतली उत्तरं.