ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) टाकली आणि पीसी बूटच, म्हणजे सुरूच, होईना: रिपेअर करू, परत टाकू की सरळ बर्डीच्या (सीताबर्डी, नागपूर) दुकानात नेऊ?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आपल्या नागपुरातही कितीतरी जण जुन्या मशीनवर विंडोज ११ नाहीतर लिनक्स मिंट ही दुसरी ओएस टाकून पाहतायत. इन्स्टॉल नीट होतं, रिस्टार्ट केलं की काळी स्क्रीन, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणते. मग लोक घाबरून परत फॉरमॅट मारतात, आणि मला तेच चुकीचं वाटतं, कारण आधी डिस्कवर तुमचं काही आहे का ते बघायला हवं.

कुठलाही रस्ता घ्या, आधी इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह काढून बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) जा आणि एसएसडी, म्हणजे ओएस टाकली ती डिस्क, दिसतो का बघा. दिसत असेल तर बूट ऑर्डर, म्हणजे आधी कशावरून सुरू करायचं तो क्रम, बघा. मिंट टाकलं असेल तर तिथे मिंट नाव शोधू नका भाऊ, ते 'उबंटू' नावानं दिसतं, त्याला वर आणलं की बऱ्याचदा तिथेच काम होऊन जातं.

डेटा असेल तर रिपेअरच करा, माझं ठाम मत आहे. वेळ जातो, डोकं लागतं, पण फाइली जागच्या जागी राहतात. मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये (ज्यावरून इन्स्टॉल न करताच मिंट चालतं) बूट रिपेअर नावाचं टूल आहेच. विंडोजसाठी नेटवर सगळे बूटरेक ही कमांड सांगतात, पण यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) मशीनवर त्यातलं फिक्सबूट कित्येकदा ॲक्सेस डिनाइड देतं. त्यापेक्षा विंडोजच्या रिकव्हरीत डिस्कपार्ट या कमांडनं बूटच्या फाइलींचं ते छोटं फॅट३२ वालं ईएफआय पार्टिशन शोधून त्याला एक लेटर द्यायचं आणि बीसीडीबूट या कमांडनं बूटच्या फाइली तिथे नव्यानं टाकायच्या. फक्त रिकव्हरीत तुमचा सी ड्राइव्ह डी म्हणूनही दिसू शकतो, म्हणून कमांड मारायच्या आधी विंडोजचं फोल्डर कुठे आहे ते बघून घ्या.

डिस्क नवी कोरी असेल तर एवढं कशाला करता, परत टाका, लवकर होतं. पण तसंच टाकलं तर तसंच अडकेल. बूट मेनूत पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला. नुसत्यावरून टाकलं की डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होते आणि बायोस यूईएफआय मोडवर असेल तर ते बूट होत नाही. यूईएफआय वालाच निवडा, जुनी पार्टिशनं उडवा, इन्स्टॉलर स्वतःच ती नव्या जीपीटी पद्धतीची करून घेतो. विंडोज ११ ला तसंही यूईएफआय आणि टीपीएम २.० (सिक्युरिटी चिप) लागतंच.

दुकानात न्यायचं ते एसएसडी बायोसमध्येच दिसत नसेल, किंवा स्क्रीनवर काहीच येत नसेल तेव्हा. दरवेळी बायोसची तारीख मागे जात असेल तर आधी बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून बघा, डेस्कटॉपमध्ये घरीच बदलता येतो. बर्डीला नेलंच तर मशीन काउंटरवर ठेवतानाच सांगा की डेटा पाहिजे, फॉरमॅट करायचं नाही, नाहीतर कारण न शोधताच फॉरमॅट होऊन हातात येऊ शकतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून ठेवा, बायोसमधली सिक्योर बूटची सेटिंग हलवली तरी विंडोज ती की मागू शकतं. आणि कोणी बायोस अपडेट कर म्हणालं तर यूपीएस असल्याशिवाय हात लावू नका, मे महिन्यात तर नाहीच, मधेच लाइट गेली तर बोर्डच जाऊ शकतो.