मागेल त्याला काम, की घर शोधून मदत?

गरिबी हटवण्याचा आराखडा करायला बसलात, मग तो तालुक्याचा असो वा देशाचा, की आधी एक गोष्ट ठरवावी लागते: गरिबाने सरकारच्या दारात यायचं, की सरकारने गरिबाच्या? आपल्याकडे दोन्ही करून झालंय. पहिलं महाराष्ट्राने केलं, दुसरं केरळने. कोकणात काय चालेल ते बघू.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळातून उभी राहिली. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितलं की 15 दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता. गरिबांची यादी करायची भानगडच नाही. उन्हात माती उपसायला बागायतदार येत नाही, त्यामुळे चाळण आपोआप लागते. त्यासाठी व्यवसाय कर बसवला, म्हणजे मुंबईतल्या चाकरमान्याच्या पगारातून कापलेल्या पैशावर गावाकडे काम निघायचं. मला या योजनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते.

1990 मध्ये तिला फळबाग लागवड जोडली, आणि वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, डोंगरांवर काजू-हापूस उभे राहिले. मजुरीही मिळाली, मागे झाडही राहिलं. पण बागेला जमीन लागते आणि जमिनीला सातबारा. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावं. एक काका विरारला, एक आत्या बडोद्याला. संमतीपत्रावर सह्या होईपर्यंत लागवडीचा पाऊस निघून जातो. ज्याचं नावच सातबाऱ्यावर नाही, त्याच्या वाट्याला फक्त खड्डे खणणं.

केरळने 2021 पासून उलटं केलं. वॉर्डावॉर्डात फिरून अन्न, आरोग्य, उत्पन्न आणि घर या चार बाबींवर 64,006 अतिगरीब कुटुंबं निवडली आणि प्रत्येकाचा वेगळा आराखडा केला. कुणाला औषधं, कुणाला घर, कुणाला नुसतं रेशनकार्ड. 1 नोव्हेंबर 2025 ला राज्य अतिगरिबीमुक्त जाहीर झालं. त्या आकड्यावर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. यादी म्हटली की कोणीतरी सुटतंच.

ही पद्धत उचलायची तर एक ध्यानात ठेवा. केरळने 1996 पासून योजना निधीतला 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे दिला आणि 1998 पासून कुटुंबश्री या बचत गटांच्या जाळ्यातून बायकांची फळी बांधली. बचत गट आपल्याकडेही आहेत. पैसा मात्र मोकळा नव्हता: केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला होता.

माझा कौल? रत्नागिरी-सिंधुदुर्गात केरळची पद्धत आधी. 2001 ते 2011 मध्ये या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. बंद घरांच्या वाडीत एकटी राहणारी आजी काम मागायला जाणार नाही, आणि धडधाकट माणसाला आंब्याच्या बागेत हमीपेक्षा बरी मजुरी मिळते. तिथे घरोघर गेल्याशिवाय काही कळणार नाही.

रायगडातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर दोन्ही पद्धती लागतील, पण पाहणीचा महिना चुकला तर एकही लागू पडणार नाही. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत गेलात तर कुलपं मोजून याल. जुलैत जा, लावणी चालू असताना, आणि दिवेलागणीनंतर. दिवसा माणसं चिखलात असतात.