नुसतं 'संत्रा' की 'रंगपूर खुंटावरची संत्रा कलम'? वेबसाईटसाठी कोणता शब्द धरायचा

पन्हेरीवाले (म्हणजे नर्सरीवाले), हळदवाले, होमस्टेवाले, ज्यानं कोणी वेबसाईट काढली त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, भाऊ आता गूगलवर कोणत्या शब्दाला दिसायचं? एक रस्ता मोठ्या शब्दाचा, म्हणजे 'संत्रा', 'हळद', 'नर्सरी'. दुसरा रस्ता लांबलचक बारीक शब्दांचा, 'रंगपूर खुंटावरची संत्रा कलम वरुड' असल्या. (खुंट म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कळी, भरून कलम करतात ते खालचं रोप; रंगपूर ही त्याची एक जात.) दोन्ही एकदम जमत नाही कारण घरात लिहिणारं पोरगं एकच आणि तेही सकाळी डवरणीला असतं, म्हणून समोरासमोर ठेवून बघू. उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या शेंदुरजना घाटकडच्या एखाद्या पन्हेरीचं घेतो, तिकडे कलमांचा धंदा मोठा आहे आणि गिऱ्हाईक बाहेरच्या जिल्ह्यातून येते.

पहिले मोठा शब्द. 'नागपुरी संत्रा' एवढंच सर्च करणारा माणूस कोण असतो? एकाला संत्रा बर्फी पायजे, एकाला नागपूरच्या कळमना बाजाराचा आजचा भाव, एका पोराला शाळेच्या प्रोजेक्टमध्ये २०१४ ला जीआय (त्या भागाच्या मालाचं सरकारी नाव-मानांकन) मिळाला ते लिहायचं आहे, एकाला पुण्यात २ किलो घरपोच पायजे. आणि आपल्याकडे संत्रा म्हटलं की देशीची बाटली आठवणारेही आहेत, त्यांचं तर बोलूच नका. या सगळ्या गर्दीत कलम घेणारा शेतकरी कितीसा असणार. वरून पहिल्या पानावर विकिपीडिया, सरकारी साईटी, पेपरवाले, इंडियामार्ट हे आधीच ठाण मांडून बसलेले, त्यांना हलवायला वर्षं जातात आणि पैसा किती जाईल त्याचा हिशोब नाही. मग कोणीतरी फोन करते, 'सर तुम्हाला एक नंबरवर आणून देतो, गॅरंटी'. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही हे गूगलनं स्वतः लिहून ठेवलं आहे, त्यामुळे असा फोन आला की राम राम करून ठेवून द्यायचा.

आता 'रंगपूर खुंटावरची संत्रा कलम दर' असं टाईप करणारा बघा. या माणसाला जंबेरी आणि रंगपूर या दोन खुंटांतला फरक माहीत आहे, बहुतेक आधीच्या बागेत डिंक्यानं (बुंध्यातून डिंक गळायचा रोग) झाडं गेली असतील म्हणून रंगपूरवर आला असेल, जमीन तयार आहे, आता फक्त कुठून आणायची आणि भाव काय एवढंच बाकी. ६ बाय ६ मीटरवर लावली तर एकरी ११० च्या आसपास कलमं लागतात, म्हणजे दोन एकरवाला एक माणूस आला तर २२० कलमांची गोष्ट झाली. बर्फीवाले हजार येऊन गेले तरी एक कलम जाणार नाही. माझं मत तर इथंच ठरते, पण लांब शब्दाच्या खोड्याही आहेत त्या सांगतो.

पहिली खोडी, आकडा दिसत नाही. कोणता शब्द (कीवर्ड) महिन्याला किती वेळा सर्च होतो ते सांगणारं गूगलचं कीवर्ड प्लॅनर फुकट आहे, पण जाहिरातीवर खर्च करत नसाल तर ते नेमका आकडा देत नाही, '१०० ते १ हजार' असा मोघम सांगते, आणि आपल्या लांब मराठी शब्दासमोर तर बहुतेक वेळा काहीच नसते. ते पाहून पोरगं म्हणते, बाबा हे कोणी सर्चच करत नाही, कशाले लिहायचं. असं नसते. रोजच्या सर्चपैकी १५ टक्के सर्च याआधी कधी झालेलेच नसतात असं गूगलच सांगत आलं आहे, आणि लोक बोलून सर्च करायला लागल्यापासून तर वाक्यच्या वाक्य येते. मराठीत बोलून सर्च करायची सोय २०१७ पासून आहे, ज्या काकांना टायपिंग येत नाही तेही फोन तोंडाशी धरून विचारतात 'संत्र्याची चांगली कलमं कुठी भेटतात'. हे वाक्य कोणत्या टूलमध्ये सापडेल?

दुसरी खोडी मेहनतीची. मोठ्या शब्दाला निदान एक टार्गेट असते, इथं शंभर बारीक शब्द आणि प्रत्येकाला खरं उत्तर लागते. पण शंभर पानं लागत नाहीत. एकच नीट पान करा, त्यात खुंट कोणता, डोळा जमिनीपासून किती उंचीवर भरला, कलमाचं वय, या सीझनचा दर, बुकिंग किती आधी, गाडी कुठपर्यंत पोचते, हे सगळं साध्या वाक्यात लिहा, एक पानच कितीतरी शब्दांना पुरते. काही जण काय करतात, तेच पान घेऊन फक्त गावाचं नाव बदलतात, काटोलसाठी एक, नरखेडसाठी एक, परतवाड्यासाठी एक. हा बह्याडपणा करू नका, गूगल याला स्पॅममध्ये धरते. तसंच पानाच्या कोडमध्ये कीवर्डची रांग लावून ठेवायचं जे खूळ आहे, गूगल रँकिंगसाठी ते बघतच नाही हे त्यांनी २००९ लाच जाहीर केलं होतं, तरी अजून पॅकेजमध्ये त्याचे पैसे लावणारे आहेत.

लांब शब्दातही दोन जाती असतात, ही गल्लत लय होते. 'आंबिया बहार फळगळ उपाय' (आंबिया म्हणजे उन्हाळ्याआधी येणारा संत्र्याचा बहार) हाही लांब शब्द, पण विचारणाऱ्याची बाग आधीच उभी आहे, त्याला फवारणी पायजे, कलम नाही. पावसाळ्यात अशा पानावर माणसं येतील, आकडे पाहून बरं वाटेल, विक्री हलणार नाही. शिवाय तो सल्ला नागपूरची लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ देतातच, त्यांचं उचलून आपल्याकडे चिकटवण्यात काय अर्थ. आपली ओळख व्हावी म्हणून एखादं असं पान चालते, पण सुरुवात दर, बुकिंग, पोच, जात या शब्दांपासूनच करा.

हे शब्द आणायचे कुठून, तर पहिले स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपमधून. मे-जूनमध्ये जे मेसेज येतात, 'भाऊ डोळा किती उंचीवर आहे', 'जंबेरी आहे का रंगपूर', 'जालन्यापर्यंत गाडी येईल काय', ते जसेच्या तसे वहीत उतरवा. त्यांच्या भाषेतच ठेवा, शुद्ध करायला जाऊ नका. आपल्याकडचा माणूस 'पन्हेरी' शोधतो, बाहेरचा 'रोपे' नाहीतर 'नर्सरी', कित्येक जण तेच इंग्रजी अक्षरात टाईप करतात, तेव्हा पानावर सगळे शब्द वाक्यात सहज येऊ द्या. नंतर गूगलच्या सर्च बॉक्समध्ये 'संत्रा कलम' लिहून एक स्पेस द्या आणि खाली काय काय सुचवते ते बघा. साईट थोडी जुनी झाली की सर्च कन्सोल (साईटवाल्यासाठी गूगलचं फुकट टूल) उघडा, लोक काय शोधत तुमच्यापर्यंत आले ते १६ महिन्यांपर्यंतचं दिसते, फक्त अगदीच विरळ सर्च प्रायव्हसीसाठी त्यात दाखवत नाहीत, म्हणून यादी छोटी दिसली तर घाबरू नका. जो शब्द दिसला पण क्लिक झालं नाही, तिथं पानाचं टायटल सुधारून बघा.

जाहिरात देणार असाल तर हाच फरक थेट खिशाला लागतो. मोठा शब्द ब्रॉड मॅचवर (त्याच्याशी जुळत्या कोणत्याही सर्चला जाहिरात दिसते) ठेवला की बर्फीवाल्याच्या क्लिकचेही पैसे तुमचेच. लांब शब्द फ्रेज मॅचवर (त्याच अर्थाचा सर्च असला तरच जाहिरात दिसते) ठेवा, 'बर्फी', 'ज्यूस', 'दारू' नकोच्या यादीत टाका आणि लावणीच्या आधीचा महिना-दीड महिनाच चालवा, वर्षभर नाही.

आता मोठा शब्द कोणासाठी बरा? ज्याचा माल देशभर जातो, कुरिअर-पॅकिंग सगळं लागलेलं आहे आणि दोन-तीन वर्षं दम धरायची ताकद आहे त्यानं जरूर जावं. काही मालाचं तर नावच बारीक शब्दाचं काम करते, 'वायगाव हळद', 'भिवापुरी मिरची'. दोघांनाही जीआय आहे, आणि हे नाव टाकणाऱ्याला काय घ्यायचं ते पक्कं माहीत असते. त्यांनी 'हळद पावडर'च्या मागे कशाला पळायचं, 'वायगाव हळद १ किलो' एवढं धरलं तरी बस. उलट ताडोब्याच्या होमस्टेवाल्यानं 'ताडोबा रिसॉर्ट' सोडून द्यावं, तिथं बुकिंगच्या मोठ्या साईटी बसल्या आहेत. त्यापेक्षा गेटचं नाव धरा, 'कोलारा गेटजवळ होमस्टे जेवणासह', कारण सफारीवाला आधी गेट बुक करतो, मग त्या गेटजवळ राहायचं शोधतो.

आणि राजेहो, तुमचं सगळं गिऱ्हाईक तालुक्यातलंच असेल, कृषी केंद्र, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग असं काही, तर या दोन्ही शब्दांच्या भानगडीत पडू नका. गूगलवर बिझनेस प्रोफाईल फुकट काढता येते, त्यात नकाशावर दुकान बरोबर लावा, चालू असलेला नंबर टाका, दुकानाचे चार खरे फोटो आणि बाजाराच्या दिवसाची वेळ टाका, वेबसाईट पुढच्या वर्षी काढली तरी चालते.