मॉरोविंडमधला हुकणारा वार: सात महिने खेळल्यावर

जूनच्या पहिल्या पावसात 'मॉरोविंड' हा कॉम्प्युटर गेम सुरू केला आणि आता जानेवारी लागला. कुंडईच्या कारखान्यात माझी दुसरी पाळी असली की घरी म्हार्दोळला पोचायला रात्रीचे अकरा वाजतात. मग जेवून तासभर खेळ. सुट्टीच्या दिवशी जास्त. 2002 सालचा गेम आहे, माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर ओपनएमडब्ल्यू या मुक्त इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर, सुरळीत चालतो (गेमच्या मूळ फाइल्स मात्र विकत घ्याव्याच लागतात). इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे बॅटरीवर ऑफलाइन चालणारा गेम मिळणं ही माझ्यासाठी मोठी गोष्ट होती.

गोष्ट, जग, संगीत यांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मी लिहिणार आहे ते मारामारीबद्दल, कारण माझ्या ओळखीतल्या तिघांनी हा गेम पहिल्या दोन तासांत सोडला तो तिच्यामुळेच. मीही सोडणार होतो.

सुरुवात अशी होते. कैद्यांच्या जहाजातून तुम्हाला सेयडा नीन नावाच्या दलदलीच्या गावात उतरवतात. कचेरीत नाव-गाव, वंश, पेशा लिहून घेतात. तिथल्या टेबलावर एक लोखंडी कट्यार असते. फुकटची वस्तू, कोणीही उचलेल. मीही उचलली. बाहेर पडलो तर सगळीकडे चिखल, खाजणासारखं साचलेलं पाणी आणि त्यात फिरणारी कुर्ली. आपल्याकडच्या कुर्लीपेक्षा बरीच मोठी, पण चाल तीच. मी धावत गेलो आणि कट्यार चालवली. पातं कुर्लीच्या पाठीतून आरपार गेलेलं डोळ्यांना दिसलं. काही झालं नाही. पुन्हा मारलं, पुन्हा काही नाही. सात-आठ वार वाया गेले आणि त्या कुर्लीने मला मारून टाकलं.

चवथीला मावसभाऊ आला होता, बारावीत आहे. त्याला खेळायला दिलं तर त्याचंही तेच. "दादा, तरवार लागली मरे! रगत कित्याक येना?" रक्त का येत नाही, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. समोर दिसतंय की वार लागला, आणि गेम म्हणतो लागला नाही.

याचं कारण असं की मॉरोविंडमध्ये हात तुम्ही चालवता, पण वार लागणार की हुकणार हे गेम प्रत्येक वेळी आतल्या आत फासा टाकून ठरवतो. कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायच्या जुन्या रोलप्लेइंग (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) खेळांतून ही पद्धत आली आहे. तिथे 'वार केला' असं नुसतं म्हणतात आणि फासा पडतो. इथे तोच फासा डोळ्यांपुढच्या तलवारीला जोडलाय. तलवार पोचली याचा अर्थ एवढाच की फासा टाकायची परवानगी मिळाली.

हे कळल्यावरही मी महिनाभर याला नशीबच समजत होतो. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींसारखं, आत गेलं की कॅसिनोवालाच जिंकणार. मग सूत्र वाचलं आणि सगळा खेळच वेगळा दिसायला लागला.

सूत्र अवघड नाही. हातातल्या हत्याराचं स्किल (ते चालवायचं कसब) घ्या, त्यात चपळाईचा म्हणजे अ‍ॅजिलिटीचा पाचवा हिस्सा मिळवा, लकचा (नशिबाचा) दहावा हिस्सा मिळवा. या बेरजेला दमाने गुणायचं. फटीगची (दमाची) हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर 1.25 ने, पूर्ण रिकामी असेल तर 0.75 ने, मधे असेल तर त्या प्रमाणात. आलेल्या आकड्यातून समोरच्याची चुकवण्याची ताकद वजा करायची. ती त्याच्या अ‍ॅजिलिटी, लक आणि दमावरून तशीच काढतात, फक्त तिच्यात स्किल नसतं. उरलं ते शेकडा किती वार लागतील.

आता माझं पहिलं पात्र बघा. वंश रेडगार्ड, लढाऊ पेशा, लाँग ब्लेड (लांब तलवार) हे मुख्य स्किल. लाँग ब्लेड 50, अ‍ॅजिलिटी 40, लक 40. म्हणजे 50 अधिक 8 अधिक 4, एकूण 62. दम पूर्ण असताना 77.5. समोरच्याची अ‍ॅजिलिटी आणि लक 40-40 धरली आणि तोही ताजातवाना असला तर 15 वजा होतात. 62.5 टक्के. शंभरातले बासष्ट वार लागतात, चांगलंच आहे की! तोच मी दमून रिकामा झालेलो असेन तर 46.5 वजा 15, म्हणजे 31.5. निम्मा.

आणि ती टेबलावरची कट्यार? कट्यार शॉर्ट ब्लेड (आखूड पातं) या स्किलमध्ये येते. माझ्या रेडगार्डचं ते स्किल होतं 10. दम भरलेला असताना त्याच शत्रूवर 12.5 टक्के, आणि धावून धावून दम संपलेला असताना दीड टक्का. मी नेमका धावतच गेलो होतो. माझं नशीब वाईट नव्हतंच. पेशा निवडताना तलवार शिकलेला माणूस म्हणून लिहून दिलं आणि कट्यार हातात घेऊन दमलेल्या अवस्थेत लढायला गेलो. गेमने त्याचा खरा हिशेब केला. त्याच गावात अरिलच्या दुकानात हत्यारं मिळतात, सुरुवातीच्या पैशांतून तिथे आधी एक साधी तलवार घ्यायला हवी होती.

सूत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'लक' नावाच्या गुणाची जागा. दम भरलेला असताना स्किल दहाने वाढवलं तर 12.5 टक्के मिळतात, अ‍ॅजिलिटी दहाने वाढवली तर 2.5, आणि लक दहाने वाढवलं तर फक्त 1.25. त्यातही लक एका लेव्हलला एकच पॉइंट वाढतं. ज्या खेळाला लोक नशिबाचा म्हणून नावं ठेवतात त्याच्या हिशेबात नशिबाचा वाटा सर्वांत लहान आहे, शिकलेल्याचा आणि न दमलेल्याचा मोठा.

ओळीने हुकणाऱ्या वारांबद्दलही सांगतो, कारण तिथे राग येतो. कारखान्यात मी पॅकिंगच्या मालाचे नमुने तपासतो, त्यामुळे दोन खराब नमुने लागोपाठ आले म्हणून सगळी पेटी खराब ठरत नाही, हे कामातून अंगी बाणलंय. तरीही खेळताना तीन वार सलग हुकले की 'आता चौथा लागायलाच हवा' असं वाटतं. तसं काही नसतं. प्रत्येक फासा स्वतंत्र, मागचं त्याला आठवत नाही. 62.5 टक्क्यांवर सलग तीन हुकण्याची शक्यता साधारण पाच टक्के आहे, म्हणजे एका संध्याकाळच्या खेळात ते अनेकदा होणारच. 31.5 वर मात्र ती 32 टक्के होते, दर तीन वेळांत एकदा. नोव्हेंबरात मी वहीत रेघा मारून लागलेले आणि हुकलेले वार मोजले, दम भरलेला आणि दम संपलेला असे वेगळे. हिशेब सूत्राच्या जवळच येत गेला. गेम लबाडी करत नाही याची खात्री मला त्या वहीने दिली.

यात अजून एक बारकावा आहे जो मला फार उशिरा कळला. वार लागणं फाशावर आहे, पण लागलेला वार किती जोरात लागेल हे फाशावर अजिबात नाही. बटण जितका वेळ दाबून धराल तितकं हत्यार मागे खेचलं जातं आणि तितका घाव मोठा. नुसतं टकटक बटण दाबलं तर हत्याराचा सगळ्यात लहान आकडा मिळतो. मी दोन महिने टकटक करत होतो. मावसभावाला हे सांगितल्यावर त्याचा खेळ एका दिवसात बदलला. ढालीचं मात्र पुन्हा फाशावरच. ती वार अडवण्याची शक्यता दहा टक्क्यांखाली जात नाही आणि पन्नासवर चढत नाही.

सूत्र कळल्यावर माझ्या सवयी बदलल्या. गावातून गावात जाताना धावतो, पण गुहेचं दार दिसलं की चालायला लागतो. हिरवी पट्टी भरेपर्यंत थांबतो. जवळ फटीग भरून काढणारं औषध ठेवतो. समोरचा दमून कोसळला तर त्याची चुकवण्याची ताकद शून्य धरतात, त्यामुळे तो उठायच्या आत शक्य तितके वार घालतो. पात्र नव्याने करणाऱ्याला माझं एकच कळकळीचं सांगणं: जन्मरास 'वॉरियर' घ्या. तिचे दहा टक्के दमाच्या गुणाकाराच्या बाहेर, थेट मिळतात. दमलेल्यालाही पूर्ण दहा. सुरुवातीच्या दिवसांत त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलं नाही.

मंत्रांचंही असंच आहे, दमावर तेही अवलंबून. आणि मंत्र फसला तरी मॅजिका (मंत्राला लागणारी शक्ती) जाते, ते जास्त बोचतं. मंत्र लिहिलेला कागदी स्क्रोल किंवा मंतरलेली अंगठी मात्र कधी फसत नाही. जादू करायची असेल तर सुरुवातीला त्यावरच विसंबा.

आता गेमचा खरा दोष. हे सगळं तो सांगत नाही. पडद्यावर टक्केवारी नाही. हुकलेल्या वाराला फक्त हवा कापल्याचा एक आवाज आहे. समोरचा अंग चुकवताना दिसत नाही, मागे सरकत नाही, जागचा हलत नाही. त्याने वाकून वार चुकवला असं एवढंच दाखवलं असतं तरी माझ्या ओळखीतले ते तिघे आज खेळत असते असं मला मनापासून वाटतं. फाशाबद्दल माझी तक्रार नाही, तो लपवला याबद्दल आहे. दुसरं म्हणजे हत्याराचं स्किल लागलेल्या वारानेच वाढतं. ज्याला शिकायची सर्वांत जास्त गरज आहे तोच सर्वांत हळू शिकतो. यावर उपाय म्हणजे पैसे देऊन शिकवणाऱ्याकडे जाणं. बालमोरा शहरात फायटर्स गिल्डमध्ये (लढवय्यांच्या संघात) मी पहिले सगळे पैसे त्यातच घातले आणि ते वसूल झाले.

याच मालिकेतल्या पुढच्या दोन गेमनी, 2006 चा ऑब्लिव्हियन आणि 2011 चा स्कायरिम, तलवारीचा हा फासा काढूनच टाकला. तिथे पातं टेकलं की वार लागलाच, स्किलने मुख्यतः घावाचा आकडा बदलतो. खेळायला ते सोपं आहे, पण नवशिक्या आणि मुरलेला योद्धा यांच्या हातात मला फारसा फरक जाणवत नाही. न्यूझीलंडमध्ये बनलेल्या 'पाथ ऑफ एग्झाइल'ने मधला मार्ग काढलाय, तो मला हुशारीचा वाटतो. तिथे प्रत्येक हल्ल्याची टक्केवारी एका गुप्त खात्यात जमा होत जाते, शंभर भरले की वार लागतो आणि शंभर वजा होतात. पन्नास टक्के असतील तर सलग दोन वार हुकूच शकत नाहीत. टक्केवारी खरी राहते आणि हुकणाऱ्या वारांची लांबलचक रांग टळते. मॉरोविंडमध्ये हेच असतं तर सुरुवातीचे दोन तास किती वेगळे गेले असते.

पाचव्या महिन्यात मात्र एक वेगळीच गोष्ट झाली. माझं लाँग ब्लेड 80, अ‍ॅजिलिटी 80, लक 50 झालं. बेरीज 101, दमासकट 126. त्यातून 15 गेले तरी शंभराच्या वर. फासा पडतच असतो, पण त्याला अर्थ उरत नाही. क्लिफ रेसर नावाचे उडते त्रासदायक प्राणी, ज्यांनी मला सुरुवातीला रस्त्यावर रडवलं होतं, ते एकेका वारात खाली यायला लागले. आठवडाभर फार आनंद झाला. मग लक्षात आलं की मी हिरव्या पट्टीकडे बघायचं सोडून दिलंय, गुहेच्या दारात थांबत नाही, औषध घेत नाही. लढाई म्हणजे बटण दाबणं उरलं होतं.

म्हणून डिसेंबरात नवीन पात्र केलं. आर्गोनियन, म्हणजे सरड्यासारखा माणूस. हातात भाला, स्पिअर स्किल 40. बंद शिरस्त्राण आणि बूट त्याला घालता येत नाहीत. काल रात्री सेयडा नीनजवळच्या तस्करांच्या गुहेबाहेर पावसात उभा राहिलो, पट्टी भरू दिली, मग आत गेलो. पहिला वार हुकला, दुसरा हुकला, तिसरा लागला. मावसभावाला तेव्हाच मेसेज टाकला. त्याने कुऱ्हाडवाला नॉर्ड (आणखी एक वंश) केलाय आणि तो अजून त्याच कुर्लीपाशी आहे, पण आता चालत जातो.