सन अल्ट्रा ५ आणि असेंबल्ड पीसी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये कुपवाड एमआयडीसीत दोन तास वीज गेली आणि ती आल्यावर आमच्या अल्ट्रा ५ ने, म्हणजे सन कंपनीच्या जुन्या वर्कस्टेशन संगणकाने, आयडीप्रॉममधील (यंत्राची ओळख साठवलेल्या जागेतील) नोंदी अवैध असल्याचा संदेश दाखवला. नेटवर्कचा पत्ता आणि होस्टआयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) दोन्हींच्या जागी नुसते एफएफ दिसत होते. ज्या कॅड (ड्रॉइंग काढण्याच्या) सॉफ्टवेअरसाठी एका फाउंड्रीकडून ड्रॉइंगसकट हे यंत्र सहा हजारांना घेतले, त्याचा परवाना त्या होस्टआयडीशीच बांधलेला असल्यामुळे एका संदेशाने पॅटर्नचे (ओतकामाच्या साच्यासाठीच्या नमुन्यांचे) सारे काम थांबले.

बिघाड बॅटरीचा होता. पीसीच्या बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली तर तारीख आणि बायॉसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) मांडणी जाते, नेटवर्कचा पत्ता मात्र कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत शाबूत राहतो, आणि नवी बॅटरी सांगलीत कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळते. अल्ट्रा ५ मध्ये बॅटरी एनव्हीरॅम (वीज नसतानाही नोंदी टिकवणाऱ्या) चिपच्या पोटात कायमची बंद आहे आणि यंत्राची ओळख त्याच चिपमध्ये आहे. १९९८ साली हे यंत्र बाजारात आणताना सनने किंमत उतरवण्यासाठी आयडीई डिस्क, पीसीआय आणि एटीआयचे ग्राफिक्स असे पीसीचेच भाग वापरले; मग सुटी बॅटरी का घेतली नाही, याचा मला आजही राग येतो. सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याने तर परवाना फिरवून देण्याऐवजी नव्या आवृत्तीचे कोटेशन पाठवले.

चिपवरच्या पिवळ्या पट्टीवर नेटवर्क पत्त्याचे शेवटचे सहा अंक छापलेले होते. त्यांच्या आधी ८० लावले की जुना होस्टआयडी मिळतो, हे परवान्याच्या कागदाशी ताडून पाहिले, ओके प्रॉम्प्टवर (यंत्र सुरू होण्याआधी आज्ञा लिहायच्या जागी) एकेक बाइट भरला, शेवटी चेकसम (बाइट बरोबर आहेत का हे पडताळणारा आकडा) टाकला आणि कॅड उघडले. वीज गेली की हे सगळे पुन्हा करावे लागे, म्हणून पुढच्याच आठवड्यात नवी चिप मागवली.

त्या दिवशी हा अनुभव लिहिला असता, तर पीसीच घ्या असे एका वाक्यात सांगून मोकळा झालो असतो. वेगात आजही तेच म्हणेन : पंपाच्या केसिंगचे जे ड्रॉइंग अल्ट्रा ५ चा ३६० मेगाहर्ट्झचा अल्ट्रास्पार्क प्रोसेसर अकरा मिनिटांत पुन्हा काढतो, ते रूपांतर करून पीसीवर घेतले की मिनिटही लागत नाही. ५१२ एमबी ही या यंत्राच्या मेमरीची कमाल मर्यादा, आणि ते डिमही (मेमरीच्या पट्ट्या) ईसीसीचे, म्हणजे मेमरीतील चुका स्वतः दुरुस्त करणारे, जोडीनेच बसणारे, शोधून आणावे लागतात. परंतु त्याच ईसीसीमुळे असेल किंवा सनच्या सोलारिस ऑपरेटिंग सिस्टीममुळे, रात्रभर लावलेले प्लॉटिंग या अकरा महिन्यांत एकदाही अर्धवट राहिले नाही, तर आमचा साध्या मेमरीचा पीसी दोनदा मध्येच बंद पडला आणि एकदा फाइलही खराब झाली.

तेव्हा नवे काम पीसीवर, जुन्या पॅटर्नच्या दुरुस्त्या अल्ट्रावर, अशी वाटणी केली आहे. आयडीप्रॉमचे सोळाही बाइट कागदावर लिहून तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.