हेड उघडलंच नाही, बिल मात्र हेडच्या कामाचं

‘हेड गॅस्केट गेलंय’ असं सांगून गॅरेजने माझ्याकडून जे बिल वसूल केलं, ते एका थर्मोस्टॅटच्या किमतीच्या ४६ पट होतं. हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील; थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे सोडणारी छोटी झडप. खराब होता तो थर्मोस्टॅटच. तोही बदलला नाही, नुसता काढून टाकला. हेडला पाना लागलाच नव्हता. हे लिहिताना लाज वाटते, कारण यातलं बरंचसं मला आधीपासून माहीत होतं.

चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. थंड इंजिन सुरू केल्यावर १०-१२ मिनिटांत तापमानाचा काटा लालकडे, आणि त्याच वेळी रेडिएटर थंड, खालचा होजही थंड. म्हणजे गरम कूलंट रेडिएटरमधून फिरतच नव्हतं. अशा वेळी संशय आधी बंद अडकलेल्या थर्मोस्टॅटवर, मग वॉटर पंपावर. गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असती आणि वेगात थंड राहत असती, तर फॅन, त्याचा रिले, फ्यूज, सेन्सर बघायचे. उलट वेगात आणि चढावर तापत असती, तर तुंबलेला रेडिएटर किंवा पंप. एवढी विभागणी गाडी कुणाच्याही हाती देण्याआधी स्वतः करा, दहा मिनिटं लागतात. मी केली होती. तरीही गॅरेजला गेलो, कारण काटा दोनदा लालवर गेला होता आणि अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं ही भीती खोटी नाही. त्या भीतीचाच फायदा घेतला गेला.

मला तीन ‘पुरावे’ दाखवले. पहिला, ऑइलच्या झाकणाखाली साचलेला पांढरट, लोण्यासारखा थर. गाडी रोज थोडंच अंतर चालत असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, आतली वाफ झाकणाला लागून असा थर धरतो. कूलंट खरंच ऑइलमध्ये मिसळलं असेल तर डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधाळ दिसतं आणि पातळी वाढते. डिपस्टिकवर असं काहीच नव्हतं. दुसरा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं आणि येणारे बुडबुडे दाखवले. त्याआधी पाच मिनिटं त्यांनीच कूलंट काढून परत भरलं होतं, त्यामुळे आत अडकलेली हवा बाहेर पडणारच. ती थोड्या वेळात संपते. गॅस्केट गेलेल्या गाडीत बुडबुडे थांबत नाहीत, रेस दिली की वाढतात. तिसरा, सायलेन्सरमधून पांढरा धूर. थंड सायलेन्सरमध्ये पाण्याची वाफ होतेच. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट, गोडसर वासाचा धूर येत राहिला तरच काळजी.

या तीन गोष्टींवर कुणी हेड उतरवायला सांगत असेल तर सरळ म्हणा, आधी ब्लॉक टेस्ट करून दाखवा. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात, ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. सोबत चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजा. दोन्ही मिळून तासाभराचं काम आहे. मी ते मागितलं नाही.

बिलात होतं: हेड गॅस्केट १, हेड बोल्ट १०, हेड फेसिंग (हेडचा तळ मशीनवर सपाट करणं), इंजिन ऑइल ३.५ लिटर फिल्टरसह, कूलंट ८ लिटर, मजुरी १४ तास. गाडी सकाळी १० ला दिली, संध्याकाळी ६ ला तयार! एवढ्या वेळात इंजिन थंड करून, टायमिंग (झडपा चालवणारी साखळी किंवा पट्टा) उतरवून, हेड मशीनवर फेस करून परत बसवलं? आणि ८ लिटर कूलंट कशात ओतलं? माझ्या गाडीच्या पूर्ण सिस्टिममध्ये ५.२ लिटर मावतं, मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. ते मॅन्युअल त्या वेळी डॅशबोर्डच्या कप्प्यातच होतं.

आणि सगळ्यात जास्त टोचतं ते हे. पैसे भरण्याआधी मी डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल काळंकुट्ट. डिझेल इंजिनात नवं ऑइल लगेच काळं पडतं, पेट्रोलमध्ये नाही. हेड उचललं की कूलंट खाली ऑइलमध्ये सांडतं, म्हणून त्या कामानंतर ऑइल बदलावंच लागतं. काळं ऑइल म्हणजे हेड उघडलं नाही. एवढं सरळ होतं. डिपस्टिक पुसली, परत खोचली आणि पैसे दिले. मागे दोन गाड्या उभ्या होत्या, फोरमन चावी हातात घेऊन थांबला होता. कारण एवढंच.

पुढचे चार दिवस गाडी तापली नाही, म्हणून मीही गप्प. पण काटा पाव भागाच्या वर जाईना, हीटरमधून कोमट हवा, पेट्रोल जास्त. हाउसिंगचे, म्हणजे थर्मोस्टॅट बसतो त्या कप्प्याचे, दोन बोल्ट खोलले तर आत थर्मोस्टॅटच नाही. हेडचं पाहायचं तर व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टवर जुनी धूळ तशीच, आणि हेड व ब्लॉकच्या फटीत दिसणारी गॅस्केटची कड गंजून तपकिरी. नवं गॅस्केट असं दिसत नाही. ही कड टॉर्च मारून कुणालाही बघता येते.

थर्मोस्टॅट काढून गाडी चालवणं हा इलाज नव्हे. इंजिन थंड राहून ऑइल खराब होतं, आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती बायपास (रेडिएटर टाळून कूलंट परत इंजिनात नेणारी वाट) बंद करते, तिथे बायपास कायम उघडा राहतो. मग चढावर गाडी पुन्हा तापते.

तक्रारीचं सांगतो. गॅरेजवाल्यांकडे जुनं गॅस्केट आणि बोल्ट मागितले, तर ‘भंगारात गेले’. गाडीच्या कंपनीच्या मदत केंद्राने ११ दिवसांनी कळवलं की ‘आमच्या नोंदीनुसार काम समाधानकारक आहे’, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच विचारून उत्तर दिलं. ग्राहक तक्रार कार्यालयात फोटो, बिल, मॅन्युअलचं पान सगळं नेलं. पहिल्या खेपेला अर्ज चुकीच्या नमुन्यात. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला विचारलं, ‘गाडी आता तापत नाही ना? मग नुकसान काय झालं?’ न केलेल्या कामाचे पैसे घेतले, हे नुकसान त्यांना दिसत नाही! तज्ज्ञाचा अहवाल आणा म्हणाले. तज्ज्ञ म्हणून चालतो कोण, तर दुसऱ्या गॅरेजचा माणूस, आणि तो लेखी द्यायला तयार होत नाही. कुणाला एकमेकांच्या वाट्याला जायचं नसतं. चौथ्या खेपेला माझी फाइलच सापडत नव्हती. म्हणून जुने पार्ट परत हवेत हे जॉब कार्डावर सही करण्याआधी लिहून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही.

दुरुस्ती शेवटी घरीच झाली. नव्या थर्मोस्टॅटवर ८२ कोरलेलं आहे, म्हणजे ८२ अंश सेल्सिअसला तो उघडायला लागतो. नवा आहे म्हणून विश्वास ठेवू नका. दोऱ्याने पाण्यात टांगा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, शेजारी तापमापक ठेवा. पाणी उकळेपर्यंत तो पूर्ण उघडायला हवा, थंड झाल्यावर पूर्ण मिटायला हवा. बसवताना छोटा हवा-झडपेचा भाग वर, नवी रिंग, बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, सावकाश ओता. हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडीचं तोंड थोडं वर करा आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. मग पूर्ण थंड होऊ द्या, तेव्हाच झाकण उघडून पातळी भरा. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, आतला दाब साधारण १ बार असतो आणि उकळतं कूलंट तोंडावर येतं.

माझ्या गाडीत ४.९ लिटर गेलं, थंड झाल्यावर आणखी ३०० मिली. बरोबर ५.२.